अण्णांनी घरी बांधलेला डेटाबेस

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात आमच्या जिन्याखाली भंगारवाल्याशी हुज्जत घालत होते. कॉलेजच्या लॅबमधून मोडीत निघालेला एक जुना कम्प्युटर माझ्याकडे पडून होता. तो त्याला हवा होता आणि मला द्यायचा नव्हता. का द्यायचा नव्हता ते मलाही धड सांगता येईना, म्हणून आवाज चढला होता. तेवढ्यात मिरजेहून पद्माचा फोन आला. पद्मा म्हणजे अण्णांची सून. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "बाई, मामा गेले," म्हणाली, आणि मग तुटक तुटक सांगत गेली. सकाळी उकळून गार केलेलं पाणी प्यायले, सांगलीहून नेहमीसारखे दुकानात आले, आपल्या बैठकीवर टेकले... ती दुकानाची पायरी झाडून आत आली तर मान कलली होती. मी भंगारवाल्याला हातानेच जा म्हटलं. तो बिचारा निघून गेला. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं, आणि दुकानाच्या पायरीवर दोन-तीन माणसं उगाच उभी होती.

भूपालअण्णा तंबोऱ्यांना जवारी लावायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाकडाचं झाकण असतं, त्यावर एक चपटी घोडी बसवलेली असते आणि तिच्या पाठीवरून तारा जातात. ती पाठ कानशीने केसभर घासली, की तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. केसभर जास्त घासलं तर काम बिघडलं. अण्णांचं घर शेतकरी जैनांचं, सांगलीजवळचं. पण उसात आणि हळदीत त्यांचं चित्त लागेना. तरुणपणी मिरजेत एका उस्तादांच्या हाताखाली जाऊन बसले ते उठलेच नाहीत. मी त्यांच्याकडे गेले ती पन्नाशी उलटल्यावर. कॉलेजातल्या कम्प्युटर लॅबमध्ये साहाय्यक म्हणून जन्म काढला आणि मग गाणं शिकायचं डोक्यात घेतलं, त्यावर घरच्यांनी पोटभर हसून घेतलं. माझा नवा तंबोरा घेऊन मी मिरजेला उतरले. अण्णांनी चारही तारा एकदा छेडल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, ह्यो तंबोरा भांडतोय की वो." मी म्हटलं, मालकिणीवर गेलाय. ते इतके हसले की कानस खाली ठेवावी लागली. मी तशी फटकळच. माझ्या बोलण्याला असं मोकळं हसणारी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत.

अण्णांच्या वह्या होत्या. प्रत्येक वाद्याचं एक पान. भोपळा कुठला, लाकूड कसलं, गाणारा कोण, त्याचा सूर कोणता, त्याला जवारी उघडी आवडते की दबकी, तारेखाली दोरा किती जाड घातला, सगळं. कारण तंबोरा वर्षा-दोन वर्षांनी परत येतो आणि तो पुन्हा त्याच माणसासारखा लावून द्यावा लागतो. एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी सांगलीच्या घरात छातीपर्यंत चढलं आणि त्या वह्यांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर मी गेले, तर अण्णा अंगणात उन्हाला बसून एकेक पान सुरीच्या टोकाने सोडवत होते. शाई पार धुऊन गेलेली. मी म्हटलं, अण्णा, आता हे कम्प्युटरात ठेवा, मी शिकवते. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, कवा सुरू करायचं? मग मी कॉलेजच्या मोडीतले दोन कम्प्युटर मागून घेतले, एक त्यांना दिला, एक माझ्याकडे ठेवला. इतकी जुनी यंत्रं, की त्यांच्यावर लिनक्सशिवाय काही चालायचं नाही. त्यावर मी तो खुणेचा निळा हत्ती असलेला डेटाबेस बसवला. कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही घ्यावा, कुणीही वापरावा असा. हत्ती बघून अण्णा खूश झाले.

खुशी दोनच दिवस टिकली. त्यांना प्रत्येक रकान्याला वहीतल्यासारखंच नाव हवं होतं, अख्खं वाक्यच्या वाक्य. 'भोपळा कुठून आला आणि कुणी निवडला.' 'गाणाऱ्याला बोलताना कसा आवाज हाय.' आता डेटाबेसात नावाला चौसष्ट घरं असतात. इंग्रजी अक्षर एका घरात मावतं, आपल्या अक्षराला तीन लागतात, काना-मात्रेला आणखी तीन. अण्णांचं वाक्य अर्ध्यातच कापलं जायचं. मी म्हटलं, नुसतं भोपळा लिहा, आवाज लिहा, काय बिघडतंय? त्यांचं म्हणणं असं, की नुसतं आवाज म्हटल्यावर पुढचा माणूस काय वाटेल ते लिहील. सवाल नीट इचारला तरच जबाब नीट येतो. मी वैतागले. म्हटलं, ती मर्यादा प्रोग्रामच्या पोटात आहे, तयार प्रोग्राममध्ये बदलता येत नाही. प्रोग्राम ज्या ओळींनी लिहिलाय तो मूळ मजकूर मोफत मिळतो, तो उतरवून त्यातला आकडा बदलायचा आणि अख्खा डेटाबेस घरी कम्पाइल करायचा, म्हणजे नव्याने बांधायचा. एवढ्याशा नावासाठी कोण करतंय ते?

"मग बांधूया की," अण्णा म्हणाले. "आमी काय तयार तंबोरं आणून इकतो व्हय?"

ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. उन्हाळ्याचे दिवस होते. दुकानाच्या आत पडद्याआड एक छोटी खोली आहे, भिंतीला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तो कम्प्युटर. मूळ मजकुराच्या एका फायलीत चौसष्टचे मी एकशे अठ्ठावीस केले. अण्णांनी तो आकडा बोट लावून दोनदा बघितला. मग पहिली आज्ञा दिली. यंत्र आधी घर तपासून घेतं, की आपल्याला लागणारं सगळं हजर आहे का. पडद्यावर ओळी यायला लागल्या. अमुक आहे का... आहे. तमुक आहे का... आहे. अण्णांना इंग्रजी बेताचंच, पण त्यातला तो होकार त्यांनी लगेच ओळखला. खुर्ची ओढून बसले आणि प्रत्येक ओळीला मान हलवायला लागले. मध्येच एक गोष्ट सापडेना. "न्हाई म्हणतंय," ते दबक्या आवाजात म्हणाले, घरात कुणी आजारी असल्यासारखं. मी ती आणून घातली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या खेपेला सगळीकडून आहे, आहे, आहे आलं.

मग खरं बांधकाम. दुपारी दोनला लावलं. जुनं यंत्र, धापा टाकत चाललेलं. ओळीमागून ओळी खालून वर सरकत होत्या, वाचावं म्हटलं तर निसटायच्या, नुसतं बघावं म्हटलं तर डोळा हलत नव्हता. मी म्हटलं, आता इथे बसून उपयोग नाही, चला, बाहेर जाऊन येऊ. अण्णा उठले नाहीत. काम चाललेलं असताना माणसानं तिथं असावं, असं त्यांचं मत. भिंतीजवळचा एक तंबोरा मांडीवर घेऊन ते त्याच्या चार तारा ओळीने छेडत बसले. पंचम, जोड, जोड, खर्ज... पंचम, जोड, जोड, खर्ज... बाहेर रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, त्याही हळूहळू लांब गेल्यासारख्या झाल्या. ओळी वर चाललेल्या आणि सूर खोलीभर पसरलेला. मला वाटायला लागलं की हे यंत्र नाहीच, कुठलीतरी संथ नदी आहे आणि आम्ही दोघं काठावर पाय सोडून बसलोय. मी काय काय बोलले त्या दुपारी. नवऱ्याच्या जाण्याबद्दल बोलले, जे मी बहिणीपाशीही कधी बोलले नव्हते. अण्णांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही की तार थांबवली नाही, आणि म्हणूनच मला बोलता आलं. पाचच्या सुमारास शेवटची ओळ आली, की सगळं नीट झालं, आता बसवायला तयार आहे. अण्णांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं, पण त्या दिवशी तेवढ्यावर सोडेनात. वाजवून बघितल्याशिवाय वाद्य द्यायचं न्हाई, म्हणाले. मग चाचण्या लावल्या, त्या ओळीने ठीक, ठीक म्हणत गेल्या, आणि अण्णा जेमतेम ऊन असताना जेवायला बसले. मला पुढ्यात बसवून जोंधळ्याची भाकरी आणि मुगाची उसळ खायला लावली.

पुढे वर्षं गेली. मिरजेला जाणं माझ्या गुडघ्यांमुळे कमी होत गेलं. फोन करावा तर अण्णा शेवटी शेवटी हां-हूं करून पद्माच्या हातात द्यायचे, आणि मला राग यायचा. नाही बोलायचं तर नका बोलू, म्हणून मीही फोन कमी केला. आज त्याची लाज वाटते. माणूस बोलायचं टाळतो तेव्हा त्याला आणखीही काही झालेलं असू शकतं, हे माझ्या तापट डोक्यात शिरलं नाही.

अण्णा जाऊन तीन आठवडे झाले आणि पद्माचा पुन्हा फोन आला. अण्णांचा कम्प्युटर बंद पडला होता. सांगलीच्या एका दुरुस्तीवाल्याने आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, डेटाबेसही बसवला, पण नोंदी उघडेनात. तो म्हणाला होता, हे पुसून नव्याने सुरू करा, दुसरा इलाज नाही. पद्मा म्हणाली, तिने अजून हो म्हटलेलं नाही. पण नोंदी गेल्या तर ती दुकान बंद करणार. मी ओरडलेच तिच्यावर. गेली काही वर्षं जवारीची कामं तूच करतेस ना? मग? ती रडायला लागली. हुंदके देत देत तिने जे सांगितलं ते असं, की काम ती करायची हे खरं. पण तिने लावलेला प्रत्येक तंबोरा मामा पडद्याआड आतल्या खोलीत न्यायचे, अर्धा-पाऊण तास बसायचे, आणि मगच गिऱ्हाइकाला निरोप द्यायचे. कानस त्यांच्या हाताशीच असायची. एका शब्दाने कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही.

"मी चुकायची आणि ते निस्तरायचे, बाई," ती म्हणाली. "आता कोण निस्तरणार? पाटणच्या गुरुजींचा तंबोरा लावून ठेवलाय आठ दिवस झाले. न्या म्हणायला जीभ रेटत नाही. नोंदी असत्या तर निदान बघून कळलं असतं, मामा शेवटी काय करायचे ते."

दुसऱ्या दिवशी मी तो भंगारवाल्यापासून वाचलेला कम्प्युटर गोधडीत गुंडाळला आणि साताऱ्याहून एस.टी.त बसले. कंडक्टरने विचारलं, आजी, देव आहेत का? मी म्हटलं, हत्ती आहे. कऱ्हाडपर्यंत तो माझ्याकडे वळूनवळून बघत होता.

आतल्या खोलीत जाऊन यंत्र मांडलं, अण्णांची डिस्क जोडली, आणि तयार डेटाबेस सुरू करून बघितला. तो सुरू झाला नाही. पडद्यावर कारण आलं. तुमच्या नोंदी बांधताना नावाला जितकी घरं होती तितकी या प्रोग्राममध्ये नाहीत. इथे चौसष्ट आहेत. आणि खाली सल्ला, की एकतर पुन्हा कम्पाइल करा, नाहीतर नव्याने सुरुवात करा. दुरुस्तीवाल्याने यातलं दुसरं वाचलं असणार. मला हसू आलं, कारण ती घरं मीच वाढवली होती. पण नोंदींचा आकडा वाचला आणि हसू थांबलं. मी एकशे अठ्ठावीस केले होते. पडद्यावर दोनशे छप्पन्न होते... म्हणजे माझ्यामागे कधीतरी अण्णांना तेवढीही जागा अपुरी पडली होती. त्यांनी एकट्याने मूळ मजकूर काढला, आकडा बदलला, अख्खा डेटाबेस पुन्हा बांधला, जुन्यातल्या नोंदी काढून नव्यात भरल्या, आणि मला फोनही केला नाही. हां-हूं करणारा तो माणूस! मला इतका अभिमान वाटला की पद्माला कळेना मी डोळे का पुसतेय ते.

नोंदींच्या फोल्डरमध्ये एक चिमुकली फाईल असते, तिच्यात आवृत्तीचा आकडा असतो. तो बघितला, नेमका त्या आवृत्तीचा मूळ मजकूर इंटरनेटवरून उतरवला. इतकी वर्षं झाली तरी कुणीतरी तो जपून ठेवलाय, कुणीही मागावा म्हणून. दोनशे छप्पन्न घातले. अमुक आहे का... आहे. तमुक आहे का... आहे. मग बांधकाम लावलं. मी सवयीने म्हटलं, पद्मा, तंबोरा घे. ती नको म्हणाली, भिंतीला टेकून बसून राहिली. तिचे हात मांडीवर होते आणि बोटांना कानशीचे घट्टे पडलेले. ओळी वर सरकत होत्या. भिंतीवरचे भोपळे पंख्याच्या वाऱ्याने जरा जरा हलत होते, एकमेकांना लागून मऊ टकटक करत होते. मला डुलकी लागली असावी. कारण मला तार ऐकू आली, पंचम, जोड, जोड, खर्ज, आणि वाटलं की अण्णा माझ्या मागेच बसलेत, मान वळवली तर थांबतील. मी मान वळवली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. जागी झाले तेव्हा शेवटची ओळ येऊन थांबली होती. मी चाचण्या लावल्या. आमच्या दोघींच्या जेवणाची वेळ टळून गेलेली, पण चाचण्या झाल्याशिवाय उठले नाही.

अण्णांचा डेटाबेस उघडला. रकान्यांची नावं एकाखाली एक आली, लांबच्या लांब, एकही कापलेलं नाही. शेवटच्या रकान्याला तर मी ओळखतच नव्हते. तो नंतर घातलेला. 'कुणी लावली आणि आतल्या खोलीत नेल्यावर मी तिला काय केलं.' पद्माने तो वाचला आणि पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, बघायचं ना? ती म्हणाली, बघा, एकदाचं कळू दे.

मी त्या रकान्याच्या नोंदी तारखेप्रमाणे लावल्या. पहिली नोंद चार वर्षांपूर्वीची होती. 'जोडाच्या दोन तारा आता मला येगळ्या ऐकू येत न्हाईत. कानाचं खरं न्हाई. पद्माकडं दिली. आत नेली. कपाळ लाकडाला टेकवून बघितली. चांगली वाटली. हात लावला न्हाई.' तिच्याखाली पुढची. 'पद्मानं लावली. हात लावला न्हाई.' त्याच्याखाली, 'पद्मानं लावली. हात लावला न्हाई.' पान खाली खाली जात होतं. सांगलीच्या बाई, जतचे भजनी, पाटणचे गुरुजी, माझासुद्धा. एकेका ओळीला तेच. एका जागी तेवढं लिहिलं होतं, 'घोडी घासताना माझ्यापरीस हात हलका हाय पोरीचा. सांगाया पायजे.' ती नोंद दोन वर्षांपूर्वीची.

मला अण्णांचा संताप आला. खरंच आला. अहो, सांगाया पायजे तर सांगायचं होतं. पडद्याच्या अलीकडे ती पोर रोज उंबऱ्याकडे डोळे लावून बसत होती, आणि तुम्ही कपाळ टेकवून झालं की या खोक्याला सांगत होता. आपलं बहिरेपण तिला कळू नये म्हणून तुम्ही पाऊण तास आत बसायचात, आणि ती तो सगळा वेळ स्वतःला चुकीची समजायची. पण रागाच्या खाली मला त्यांचं ते एकट्याने बसणंही दिसत होतं... सगळा जन्म ज्या गुंजण्यावर गेला ते ऐकू येईना म्हणून लाकडाला कपाळ लावून ते शोधणारा म्हातारा. आणि फोनवरची ती हां-हूं. मी किती चिडले होते त्या हां-हूंवर.

पद्मा यंत्राजवळ सरकली. मला म्हणाली, वर न्या परत, पहिल्यापासून. तिने स्वतः सगळं वाचलं, ओठ हलवत, एकही ओळ न सोडता. मग उठली, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेरच्या खोलीतला पाटणच्या गुरुजींचा तंबोरा उचलला. सवयीने चार पावलं आत आली, पडद्यापाशी थांबली. तशीच मागे वळली, आणि तंबोऱ्याला गवसणी घालून तो दाराजवळ, न्यायच्या वाद्यांच्या जागी ठेवला. फोन लावला. तंबोरा तयार आहे, उद्या न्यायला या, म्हणाली. पलीकडून गुरुजींनी काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की अण्णांनी जाण्याआधी बघितला होता का, असंच काहीतरी असणार.

"न्हाई," पद्मा म्हणाली. "मी लावलाय."